उपड्या माठावरची काच

वडाळी, अमरावती
१८ नोव्हेंबर २०२४

रश्मी,

तुझी काचेची भट्टी मी काल सुरू केली. आधी हेच सांगते, कारण दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर तू घाबरली असतीस. घर जळलेलं नाही, मीटर उडालेलं नाही. मागच्या खोलीतली कपड्यांची दोरी मी आधीच सोडून ठेवली होती आणि खिडकी उघडी ठेवली होती, तू ठेवायचीस तशी.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू "हो आई, बरं आई" म्हणतेस आणि बोलणं तिथेच संपतं. शिवाय माझा फोन कुठे पडलेला दिसला की अश्विन उचलून पाहतो. म्हणून हे पत्र धर्मपालच्या हाती देते आहे. त्याचा टेम्पो आपली शेवंती घेऊन अकोल्याच्या बाजारात जातोच, डाबकी रोडला वळायला त्याला काही कष्ट नाहीत. त्याला चहा पाज. पत्र नंतर फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

तू माहेरी गेल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तू म्हणतेस, भट्टी गरम असताना अश्विननं झाकण उघडलं, म्हणून चिखलदऱ्याच्या रिसॉर्टसाठी केलेली ती मोठी निळी परात फुटली. तो म्हणतो, मी हातही लावला नाही, काच आपोआप फुटली, ही उगाच माझ्यावर आळ घेते. तुझी अट एकच: त्यानं चार लोकांत म्हणावं की झाकण मी उघडलं, मी त्याच पावली परत येते. तो म्हणतो, जे केलं नाही ते कबूल कसं करू? दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि मी ज्याच्या तोंडाकडे पाहते ते मला खरं वाटतं. त्याला जेवायला वाढताना तो खरा वाटतो. मागच्या खोलीत झाडायला गेले की तू खरी वाटतेस. असं किती दिवस चालायचं? माणसांना विचारून झालं, म्हटलं आता काचेलाच विचारावं.

तुझं पाहून पाहून मला येतं बरं का. काच चिकटू नये म्हणून लावतात तो पांढरा लेप कालवला, ब्रशनं साच्यावर दिला, वाळू दिला. काच पुसून ठेवली. तू लावायचीस तोच प्रोग्रॅम लावला. साचा मात्र तुझा घेतला नाही. तुझ्या वस्तू, त्यात काही बिघडलं तर पुन्हा माझ्याच नावानं बोंब. मी माझा लहान माठ घेतला. काच तापली की कणकेसारखी लोंबते असं तूच सांगितलं होतंस. मग लांब पोळ्यांना आपण चुलीवर माठ उपडा घालतो, पोळी वरून टाकतो आणि ती चारी बाजूंनी लोंबते, तसंच केलं. ज्या कामात हात बसलेला आहे ते काम करावं.

झाकणाला कोणी हात लावला नाही. मी दारात पाट टाकून बसले होते. तुझे सासरे डोकावले तर त्यांनाही हाकललं. आज भट्टी पार गार झाल्यावर उघडली, तर काच फुटलेली. उचलताना बोट कापलं. तू सांगायचीस ना, तापताना फुटली तर तुकड्यांच्या कडा पुढच्या आचेनं गोल होतात, आणि निवताना फुटली तर धारदार राहतात. माझ्या तुकड्यांना धार. तुझ्या परातीचे तुकडे मी केरात टाकले नव्हते, तेही काढून पाहिले. त्यांनाही धार.

म्हणजे झाकण बंद असूनही निवताना काच फुटते. म्हणजे अश्विन खोटं बोलला नाही. तूही खोटं बोलली नाहीस, तुला तसं वाटलं. झालं गेलं संपलं. मला इतकं हलकं वाटतंय म्हणून सांगू! आता बॅग भर आणि ये.

तुझी आई (सासू म्हणायचं असेल तर म्हण),
माणिकबाई

---

२६ नोव्हेंबर

रश्मी,

धर्मपालनं तुझी चिठ्ठी दिली. मला वाटलं येण्याचा दिवस कळवला असशील. त्यात पहिलंच वाक्य: "आई, माठ उपडा ठेवला होता का?"

हा काय प्रश्न झाला? पोळ्यांचा माठ कोणी सुलटा ठेवतं का? मला इतका राग आला की खालचं वाचलंच नाही. संध्याकाळी वाचलं. काच निवताना आकसते, माती तेवढी आकसत नाही, त्यामुळे काच माठाला आवळत जाते आणि तडकते. मातीच्या साच्यात काच आत बसवायची, वरून घालायची असेल तर स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, घ्यायचा, कारण स्टील काचेपेक्षा जास्त आकसतं आणि आपोआप सुटं होतं. असं तू लिहिलंस. मी वाचलं आणि कपाळावर हात मारला. मडकं आकसतं, काच आकसते, कोण कमी, कोण जास्त. आमच्या वेळी शाळेत हे नव्हतं, की होतं आणि मी त्या दिवशी गेले नव्हते, देव जाणे.

तुझ्या सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते गजरे ओवायचा दोरा गुंडाळत होते. वर न पाहता म्हणाले, "यात काय हाये समजाले? बंडीच्या चाकावर धाव चढवते लोहार, ते पाह्यलं नाही का तू? लोखंड लाल करून घालते. गार झालं का असं आवळते का चाक कच्चकन बसते. लोखंड हाये म्हून टिकते. काच असती तं तुटली असती."

मी म्हटलं, "मंग हे तुमी मले आदी कावून नाही सांगतलं?"

"तू हाकललं ना मले दारातून."

आता खरी अडचण ऐक. ती मी मागच्या पत्रात लिहिली नव्हती, कारण तेव्हा ती अडचण नव्हती. माझी काच फुटली ना, ते तुकडे मी अश्विनला दाखवले होते. तो जेवता जेवता उठला. "पाह्य! मी सांगत नव्हतो? पाह्य!" तू गेल्यापासून त्याला इतका खूश मी पाहिला नव्हता. मला भरून आलं. त्यानं लगेच आत्याला, म्हणजे गोदाबाईंना, मोझरीला फोन लावला. तुला माहीत आहे, यांची ही बहीण एकदा कामाला लागली की मागे पाहत नाही. तिनं तुझ्या बाबांशी बोलून पंधरा डिसेंबरच्या रविवारी तुमच्याकडे बैठक ठरवून टाकली. दोन्हीकडची मोठी माणसं बसणार. पोरीनं चूक कबूल करून यावं, नाहीतर मोकळं करावं, असं तिचं म्हणणं. आणि साक्ष कोणाची, तर माझी! "माणिकबाईनं सोता करून पाह्यलं, काच आपसूक फुटते."

म्हणजे मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. माझा पुरावा माठासारखाच उपडा पडला, आणि तो आता गावभर झाला आहे. पण थांब, लगेच खूश होऊ नको. माझा पुरावा खोटा ठरला म्हणून तुझा खरा ठरत नाही. त्या दिवशी लाईट गेली होती का मध्ये? मला आठवत नाही. तुला आठवतं का? लाईट गेल्यानंही फुटत असेल. तसंच झालं असेल तर किती बरं होईल.

माणिकबाई

---

४ डिसेंबर

रश्मी,

तू लिहिलंस, त्या दिवशी लाईट गेली नव्हती. बरं. पण मी देवालाच विचारल्यासारखं झालं बघ. या वेळी तुझा आतून खोलगट साचा घेतला, परातीचाच, आणि काच त्याच्यात बसवली. निम्म्यावर असताना आपल्या लाईनची लाईट गेली. मी मनातल्या मनात म्हटलं, फूट बाई, फूट. काच फुटावी म्हणून देवाला साकडं घालणारी मीच पहिली असेन. ती फुटली असती तर माझं पोर सुटलं असतं.

नाही फुटली. पातळ होती म्हणून असेल, किंवा भट्टीनं आपली ऊब धरून ठेवली म्हणून असेल. झाकण बंद होतं, एवढं खरं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर आत अख्खी, गुळगुळीत, तळाला जराशी लाट आलेली परात. हातात घेतली आणि रश्मी, मला हसू यायला लागलं. मी केली! मी बरबटीच्या शेंगा निवडणारी बाई. तुझ्या सासऱ्यांनी त्यात पाणी घालून शेवंती सोडली आणि गिऱ्हाईक येईल तशी दाखवत बसले. तेव्हा मला आतून जरा समजलं की तुझी ती फुटली तेव्हा तू चूल सोडून, ताट सोडून का रडली होतीस. मी म्हटलं होतं, काच आहे, फुटणारच.

मग पुन्हा एक लावली. या वेळी काय करायचं ते मी ठरवूनच बसले होते. काच खाली बसली, आच उतरायला लागली, भट्टीवरचे आकडे मागे मागे येऊ लागले. अश्विन पुढच्या खोलीत टीव्ही लावून मोबाईल पाहत होता. मी हातमोजे घातले, तोंडाला पदर बांधला आणि झाकण जरासं वर केलं. अंगावर अशी धग आली, चुलीत तोंड घातल्यासारखी. आणि आतून आवाज आला. टण्ण.

अश्विन पळत आला. पायात चप्पल नाही, काही नाही. दारातूनच ओरडला, "झाकण लाव! आई, झाकण लाव लवकर!"

मी लावलं. मग आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. पुढच्या खोलीत टीव्ही सुरू होता. तिथून त्याला आवाज आला, तो आवाज कशाचा ते त्याला कळलं, आणि काय करायचं तेही कळलं. ज्यानं कधी भट्टीला हात लावला नाही त्याला.

मी विचारलं, "तुले कसं मालूम रे?"

 त्यानं गाडीची चावी घेतली आणि गेला. त्या दिवशी वांग्याचं भरीत होतं, त्याच्या आवडीचं. जेवला नाही.

आता मला सगळं कळलं, आणि कळल्यावर तर डोक्यात जास्तच गोंधळ झाला. आधी दोघांत खरं कोण हे कळत नव्हतं. आता कळलं, तर मी काय करू हे कळत नाही.

माणिकबाई

---

११ डिसेंबर

रश्मी,

अश्विननं मला सांगितलं. आपणहून सांगितलं, मी खोदून विचारलं नाही. मी लसूण सोलत होते, तो समोर येऊन बसला आणि माझ्या ताटलीतल्या पाकळ्या सोलायला लागला. लहानपणी मार चुकवायला असाच बसायचा.

तुला आठवतं, त्या दिवशी परतवाड्याला माझ्या भाच्याचं साक्षगंध होतं. साखरपुड्याला जायला आम्ही सगळे तयार, आणि तू म्हणालीस, भट्टी निवल्याशिवाय मी निघत नाही. तो म्हणाला, "मले वाटलं, जराशीक फट केली तं लवकर गार होईल, म्हंजे तिलेबी येता येईल. मी तिच्याचसाठी केलं, आई. आवाज झाला तं मी घाबरलो. लगेच लावलं. ती आली अन् म्हणे, 'उघडलं का?' तं तोंडातून 'नाही' निघून गेलं. मंग तू आली, बाबा आले, सगळे म्हणाले काच हाये, फुटतेच. आता त्याच्यावर मी काय बोलू? एक डाव नाही म्हटलं का मंग नाहीच म्हणा लागते."

मी म्हटलं, "म्हणा लागत नाही बाप्पा. रविवारी सगळ्यायच्या समोर सांगून टाक. ती येते म्हणून राहिली ना."

"आत्याच्या समोर? तिच्या बापाच्या समोर? सहा महिने तिले खोटारडी म्हटलं मी."

 मग उरलेला लसूण सगळा सोलून दिला.

मी रागावले का? रागावले. पण त्याच्या हाताकडे पाहिलं तर सालं चिकटलेली, आणि मला वाटलं याला जवळ घ्यावं. आपलेच दात, आपलेच ओठ. तुझ्या डोळ्यात पाहून इतके महिने खोटं बोलला तो, आणि तरी मी त्याला विचारलं, चहा ठेवू का. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस हे मला लिहून पाठव. नको, राहू दे. तू माझ्या जागी नाहीस हेच बरं.

एक गोष्ट आजपर्यंत लिहिली नाही, ती लिहून टाकते. गोदाबाईंनी अश्विनसाठी मोझरीकडची एक मुलगी पाहून ठेवली आहे. फोटो मला दाखवला. मी पाहिला. मुलगी चांगली आहे. खुशी नाव आहे. हे तुला सांगायची काही गरज नव्हती, पण मनात ठेवलं की मला अन्न गोड लागत नाही.

रविवारी मी येते आहे. अश्विन म्हणाला नाही तर मी म्हणेन. हे मी देवासमोर ठरवलं आहे. तू काळजी करू नको.

आई

---

१७ डिसेंबर

रश्मी,

तू तिथेच होतीस, तुझ्या डोळ्यांसमोर सगळं झालं. तरी माझ्या बाजूनं एकदा ऐकून घे.

गोदाबाई बोलत होत्या. त्यांचं बोलणं म्हणजे तुला माहीतच आहे, आगगाडी. सुनेनं असं, सुनेनं तसं, आमच्या पोराची बदनामी झाली, आमच्या वहिनीनं सोता करून पाह्यलं. तुझे बाबा खाली मान घालून सुपारी कातरत होते, आणि ती त्यांची खाली गेलेली मान मला बघवेना. मी अश्विनकडे पाहिलं. तो चटईच्या काड्या मोडत होता. मी पुन्हा पाहिलं. मला वाटलं, हा काही बोलत नाही. हा सगळं असंच जाऊ देणार, गोदाबाई उठणार, चहा होणार, आणि पोरगी कायमची खोटारडी ठरणार. मग माझ्यानं राहवलं नाही.

"झाकण त्यानंच उघडलं. मले मालूम हाये. पोरगी खरं बोलते."

म्हटलं आणि मला वाटलं, आता उजाडलं. तू उठशील, आत जाशील, बॅग आणशील. मी तर मनात तुझी जागाही ठरवली होती, टेम्पोत माझ्या शेजारी. आणि तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं मीच काहीतरी फोडलं.

नळावर हात धुताना तू म्हणालीस, "आई, तुमी कावून बोलल्या? मले तुमच्या तोंडून नव्हतं पाह्यजे. तुमी खऱ्या हा, मले मालूम हाये. मले त्याच्या तोंडून पाह्यजे होतं."

मला तेव्हा तुझा राग आला. खरं सांगते. स्वतःच्या पोटच्या पोराला चार लोकांत खाली पाहायला लावलं, गोदाबाई माझ्याशी बोलेनात, आणि हिचं आपलं दुसरंच! नाकापेक्षा मोती जड. परत येताना मी टेम्पोत हेच पुटपुटत होते. अश्विन मोटारसायकलनं आधीच निघून गेला होता.  मूर्तिजापूर गेल्यावर तुझे सासरे म्हणाले, "तो घसा साफ करून राहिला होता."

"कोण?"

"अश्विन. तू बोलली त्याच्या आदी. हात टेकवून उठाले पाहत होता. तू मधातच बोलली."

मी म्हटलं, "खोटं."

"मी त्याच्या बाजूलेच बसलो होतो."

रश्मी, तू त्याच्या समोर बसली होतीस. तुला दिसलं का? तो बोलणार होता का? की नुसताच खोकला आला होता? तुझे सासरे म्हणतात बोलणार होता, पण ते बाप आहेत, त्यांना तसंच दिसणार. आणि मी आई असून मला ते कसं दिसलं नाही? अश्विनला विचारलं, तर तो म्हणतो, "आता काय फरक पडते?" तीन वेळा विचारलं, तेच म्हणतो. तो बोलणार होता तर मी त्याची ती वेळ हिसकावून घेतली. नव्हता बोलणार, तर मी बरोबर केलं. दोन्हीतलं काय झालं हे आता कोणालाच कळणार नाही, त्यालाही बहुतेक नाही. रात्रंदिवस हेच डोक्यात फिरतं. वरणात दोनदा मीठ पडलं.

तुला दिसलं असेल तर लिही. जे दिसलं तेच लिही, माझ्या समाधानासाठी काही लिहू नको.

माणिकबाई

---

२१ डिसेंबर

रश्मी,

तुझी चिठ्ठी आली. "मी त्याच्याकडे पाहत नव्हते, आई. मी तुमच्याकडे पाहत होते." 

आज सकाळी अश्विननं मागच्या खोलीतून भट्टी बाहेर काढली. मला वाटलं विकायला निघाला. मी भांडायलाच उठले होते. पण त्यानं ती गोधडीत बांधली, साचे एक एक करून वर्तमानपत्रात गुंडाळले, लेपाचा डबाही घेतला, आणि धर्मपालच्या टेम्पोत शेवंतीची पोती एका बाजूला करून जागा केली. म्हणाला, "तिची हाये. तिच्याकडे राह्यली पाह्यजे." मग मागे चढला आणि भट्टीला धरून बसला. धर्मपाल म्हणाला, "दादा, समोर बसा ना." तर म्हणे, "नाही, भट्टी हलन."

तो तुला काय म्हणणार आहे, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायचं इतकं तोंडाशी आलं होतं की मी पदराचा बोळा तोंडात धरला. कसं बोल, काय बोल, आधी पाया पड, काही म्हणजे काही सांगितलं नाही. तुझे सासरे फाटकाशी उभे होते, त्यांनाही डोळ्यांनी दटावलं.

हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. पाकीट चिकटवलं आहे. तो उघडणार नाही, एवढा भरवसा मला आता वाटतो. का वाटतो ते विचारू नको.

तो दारात उभा राहील. त्याला वेळ लागेल. तू मध्ये काही विचारू नको, पाणीही लगेच देऊ नको, नाहीतर पाणी पिऊन तेवढ्यावरच वेळ मारून नेईल. बोलला, तर ऐकून घे, आणि मग तुला वाटेल ते कर. आणि नाहीच बोलला, तर भट्टी नीट उतरवून घे, साचे मोजून घे, आणि दार लावून घे. माझा मुलगा आहे म्हणून दार उघडं ठेवू नको.

आई